फारमातली लाल चांदणी

…अन् तुमाले सांगतो, मोबाईल नंबर कोणी पह्यले मागते का हो? घरी पाव्हणा आला, ओट्यावर चढला, तं तुमी त्याले म्हणता का, "या, बसा, नंबर सांगा"? पाणी देता ना? गाव विचारता ना? कोणाचे कोण, हे विचारता का नाही? मंग वेबसाईटवर काय माणसं येत नाही? हेच मी सरिताले सांगून राहिलो होतो! सरिता म्हणजे आमच्या मोहाडीच्या बसस्टँडजवळ ऑनलाईनचं दुकान चालवते ते. सातबारा काढून देते, पॅनकार्ड करून देते, अन् माह्या कोशाच्या रेशमी साड्यायची वेबसाईट पण तिनंच बनवली. चार पिढ्यायचा माग आमचा, करवतकाठी साडी विणतो आमी, पण गिऱ्हाईक काही येऊन नाही राहिलं. तं म्हणे, "भोजराजकाका, वेबसाईटवर चौकशीचा फारम टाका. नाव अन् नंबर, दोनच खाने. खाने कमी, तं भरणारे जास्त."

दोनच? दोन खान्यात माणूस समजते का बाप्पा? "नाही," म्हणलं, "माहा फारम माह्या पद्धतीनं बनवजो. पह्यले गाव, मंग बाप, मंग नंबर!"

मंग बसलो आमी. तिची बोटं कीबोर्डवर अन् माही जीभ सुरू! नाव. गाव. माहेर, कारण साडी घेणारी बाई, तिचं माहेर तं पायजेच. मंग बापाचं नाव. मंग काय पायजे, लग्नाची का सणाची, नेसणारी गोरी का सावळी… सरिता म्हणे, "काका, साडी विकून राहिले का सोयरीक पाहून राहिले?" अन् नंबर सगळ्यायच्या शेवटी. एक खाना भरला का दुसरा उघडते, असं करून देलं तिनं. अन् लोक खाने रिकामे सोडतात म्हणे, तं त्याच्यावर लाल चांदणी लावता येते. चांदणी लावली का 'भरणे आवश्यक' असं येते, अन् भरल्याबिगर पुढं जाताच येत नाही! हे मले इतकं आवडलं, इतकं आवडलं… म्हणलं लाव! सगळ्यायले लाव! "बापाच्या नावाले पण?" म्हणे. "त्याले तं पह्यले लाव!"

पंधरा दिवस एक फारम नाही. शेवंता, माही घरवाली, मागावरच्या धाग्याच्या कांड्या भरता भरता म्हणे, "एवढं तं पोलीस पण नाही विचारत." तिले मी गप केलं. मी सगळ्यायलेच गप करतो, हाच तं रोग आहे ना माहा.

मंग एक दिवस सरितानं बोलावून घेतलं. "काका, पूर्ण भरलेला एकही नाही. पण अर्धे सोडलेले अकरा आहेत, कॉम्प्युटर ते पण ठेवून घेते." म्हणलं दाखव, कोणचे आळशी लोक हायेत ते पाहू! चष्मा लावला, अन् तुमाले सांगतो… नाव, दामिनी. गाव, पुणे. माहेर, मोहाडी. बापाचं नाव… रिकामं. खाली दुसरा फारम. नाव, दामिनी… अकराच्या अकरा तिचेच! अकरा वेळा आली, अन् अकरा वेळा त्याच एका चांदणीपाशून वापस गेली.

दामिनी माही पोरगी हो. एकुलती एक.

चार वर्षं झाले. बाजूच्या सिहोरा गावच्या पोरासंग लग्न केलं तिनं, आपल्या मनानं. पोरगं पुण्याले नोकरीवालं, निर्व्यसनी, बोलाले गोड… आपल्या समाजाचं नव्हतं, बस! दुसरी काय खोट होती त्याच्यात? काहीच नाही! अन् मी ओट्यावर उभा राहून वरडलो, "आजपासून माहं नाव लावजो नोको!" साऱ्या गल्लीनं आयकलं. मंग शेवंताच्या मोबाईलवर तिचा फोन आला, तो मीच कापला, नंबर पुसून टाकला. पुढं तिनंही नंबर बदलला म्हणतात. पोरगी मोठी आज्ञाधारक हो… बाप म्हणे नाव लावू नोको, तं तिनं फारमातही नाही लावलं! अन् फारम म्हणते, भरणे आवश्यक! काय करन ते बिचारी? कोणाचं आयकन, बापाचं का बापाच्या फारमाचं?

"नंबर!" मी सरिताले म्हणलं, "तिचा नंबर दाखव!" सरिता म्हणे, "नंबर शेवटी होता ना, काका." …पह्यले गाव, मंग बाप, मंग नंबर. मीच म्हणलं होतं. टेबल ठोकून म्हणलं होतं.

तेथंच रडलो मी, दुकानात, सातबाराच्या रांगेसमोर. मंग डोळे पुसले अन् म्हणलं, "काढ चांदणी!" "कोणची?" "सगळ्या काढ! एकही ठेवू नोको! माह्या पोरीले कुठंच अडवू नोको!" सरिता म्हणे, "काका, आयका तं, निदान—" म्हणलं, "मले शिकवू नोको!" सांगतलं ना, रोग आहे.

घरी येऊन शेवंताले सांगतलं. तिच्या हातातली कांडी हातातच राहिली. चार वर्षांत पह्यल्यांदा तिनं पोरीचं नाव घेतलं माह्यासमोर, अन् मी पह्यल्यांदा गप बसलो. तवापासून रोज सकाळी म्हणे, "जा ना, पाहून या ना." अन् मी रोज बसस्टँडवर, सरिताचं शटर उघडाच्या पह्यले हजर!

नवव्या दिवशी आला! बारावा फारम! नाव, दामिनी. गाव, पुणे. माहेर, मोहाडी. बापाचं नाव… भोजराज! भरलं हो तिनं! चांदणी नव्हती, कोणाची जबरदस्ती नव्हती, तरी भरलं! अन् काय पायजे, तेथं लिहिलं, "आईच्या साडीसारखी करवतकाठी. घाई नाही." म्हणलं, सरिता, खाली घे, खाली घे, नंबर पाहू दे…

रिकामा.

चांदणी नव्हती ना तेथं.

"तेच सांगत होती, काका," सरिता हळूच म्हणे, "नंबरावर तरी ठेवा लागत होती." आता नंबर सगळ्यायच्या वर घेतला आहे, चांदणी लावून. अन् तवापासून ते काही आली नाही. साडी मात्र मागावर चढवली. मी विणतो, शेवंता कांड्या भरते, अर्धी तं झाली पण. आता गिऱ्हाईकाले घाई नाही म्हणते… घाई मले आहे हो! पण दुकानदारानं भरायचा खाना असते का कोण्या फारमात?