शांताक्कांचं सोवळं

मी निपाणीची. आई-वडील दोघंही तंबाखूच्या वखारीत, आणि आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, बी.एस्सी. केमिस्ट्री, हे मी आजही मान वर करून सांगते. नव्वदच्या दशकात बेंगळुरात कारखाने तपासायच्या खात्यात लागले. तेव्हा घातक रसायनांचे नवे नियम आले होते. आमचे साहेब म्हणायचे, नियम पाळले गेलेच पाहिजेत, पण बाई, छोट्या लोकांची चूल विझवू नका. आता हे दोन्ही एका हातानं कसं करायचं, ते काही कुठं छापलेलं नव्हतं.

राजाजीनगरात शांताक्कांची शेड होती, पितळी नळांना मुलामा द्यायची. तीन पिढ्या बेंगळुरात राहिलेलं मराठी घर. नवरा गेल्यावर धंदा अक्काच बघायच्या. तिथं सायनाइडचा डबा आणि ॲसिडचे कॅन मांडीला मांडी लावून बसलेले. काय सांगू तुम्हाला, ते सायनाइड पांढरं, दिसतं खडीसाखरेसारखं, आणि त्याला ॲसिड लागलं की जो वायू सुटतो तो घेतलेला माणूस सांगायला उरत नाही. मी इंग्रजीत नोटीस दिली, तोंडानंही सांगायची, वेगळं ठेवा अक्का, त्या कन्नडमध्ये हो म्हणायच्या, सरी सरी, स्वल्प जागा कमी आहे मॅडम, होईल. होत काही नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, दसऱ्यानंतर मी स्वतः येतो, तोवर वेगळं नाही झालं तर शेडला टाळं. आणि त्या शेडवर आठदहा घरं जेवत होती.

खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, अक्कांनी प्रसादाला बोलावलं. गेले तर शेड धुऊन लख्ख, आणि सगळे डबे, सगळे कॅन मशीनपुढं एका रांगेत, झेंडूच्या माळा घालून. सायनाइडच्या डब्याचं झाकण अर्धवट सरकलेलं आणि त्यावर कुंकू लावून कापलेलं लिंबू, रस कडेकडेनं ओघळतोय. मी ते लिंबू झटकन उचललं. अक्का भडकल्या, देवाचं लिंबू उचलता, शिकलात म्हणून काय झालं? म्हटलं अक्का, या डब्याला कसलंच आंबट चालत नाही, लिंबूसुद्धा नाही.

अक्का डब्याकडं बघत हळूच म्हणाल्या, म्हणजे याचं सोवळं आहे.

हा शब्द मला आवडत नाही. याच शब्दापायी माझ्या आईला लोकांनी दारातून परत लावलेलं मी बघितलंय. तसं ओठावर आलंही होतं. पण अक्का तोवर पदर खोचून उभ्या, विचारतायत, हे आंबट का, ते आंबट का, आणि माणसं कॅन उचलून मागच्या पडवीत नेतायत. डबा आतल्या खोलीत गेला, कडीकुलपात, पूजेला नुसतं फूल. शेजारचा मुलामेवाला दारातून हसला, काय अक्का, मॅडमनी सोवळ्याला बसवलं? बसले, अक्का म्हणाल्या, तू पण बस, बायको दुवा देईल. दिवाळीपर्यंत गल्लीतल्या सगळ्या शेडी सोवळ्याला बसल्या.

मग साहेब आले. पडवी बघितली, आणि तसेच आतल्या खोलीकडं निघाले तर मुनियप्पा म्हणून जुना कामगार दारात आडवा. कन्नडमध्ये म्हणाला, ॲसिडकडून आलात, हातपाय धुवा, तेव्हाच आत. एवढे मोठे साहेब, पण बूट काढून नळाखाली उभे राहिले. माझ्या इंग्रजी नोटिशीला जे जमलं नाही ते तिथं उभं होतं, दारात, हात आडवा धरून. टाळं काही लागलं नाही.

आता मी रिटायर. अक्का म्हाताऱ्या होऊन आपल्या मरणानं गेल्या. बाजारात कधी मुनियप्पा भेटतो, नात कडेवर, चन्नागिद्दीरा मॅडम, बऱ्या आहात ना, असं विचारतो, ठणठणीत आवाजात. तो भाजी घेऊन निघून जातो तरी मी त्याच्या पाठीकडं बघत उभी राहते. चालू दे बाबा, असाच चालू दे.