क्लोरोफॉर्म उतरताना

हळू बोललं की मूल शांत होतं, हे मला सांगू नका. आमचे बाबा ग्वाल्हेरच्या फौजेत सुभेदार होते. मीठसुद्धा कवायतीच्या आवाजात मागायचे.

मी सहा वर्षांची असताना कंपूतल्या, म्हणजे छावणीतल्या, दवाखान्यात माझे टॉन्सिल काढले. डॉक्टर बाबांना म्हणाले, "क्लोरोफॉर्म उतरताना मुलं घाबरून हातपाय झाडतात. जवळ बसा आणि अगदी हळू बोला."

मी डोळे उघडले. बाबा कानाशी कुजबुजले, "बाळ, बरं वाटतंय ना?"

हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मला वाटलं, आपण आता मरणार. मी किंचाळत खाटेवरून उतरायला लागले. कुणालाच आवरेना.

बाबांना राग हिंदीतून यायचा. ते गरजले, "चुपचाप लेट!"

मी आडवी झाले. समोरच्या खाटांवर उठून बसलेले दोघे रोगीही आडवे झाले. डॉक्टर तेवढे उभे राहिले, पण टाचा जुळवून.