काचपेटीतला पाय

नाही, नाही, बसा तुम्ही, हवालदार, उठू नका — उठताना तुमची कुबडी गालिच्यात अडकते आणि गालिचा नवा आहे. तर तुमचा प्रश्न असा की, तीन वर्षांपूर्वी सैनिक साहाय्य निधीनं मंजूर केलेला तुमचा कृत्रिम पाय आहे कुठे. साधा प्रश्न आहे. उत्तरही साधंच आहे — तो तुमच्या मागे आहे. काचपेटीत. बघा ना, मान वळवून बघा. रोज सकाळी मी स्वतः पुसते तो, मऊ फडक्यानं, बुटापासून वरपर्यंत. आतल्या कडेला तुमचा फाइल क्रमांक अजून स्वच्छ वाचता येतो. म्हणजे हरवला नाही, विकला नाही, कुणी घशात घातला नाही — लोक आमच्याबद्दल काय काय बोलतात, तुमच्याही कानावर येतच असेल.

आता तुम्ही म्हणाल, मग द्या की. द्यायला काय, कधीच दिला असता. पण जरा समजून घ्या. पाय तुमच्या मापाचा झाला, समारंभ झाला, अध्यक्षांनी स्वतःच्या हातांनी तो बसवला, तुम्ही व्यासपीठावर अकरा पावलं चाललात — अकराच ना? मी मोजली होती, बाराव्याला फोटोवाला आडवा आला — आणि मग पट्टे जरा सैल वाटतात म्हणून आम्ही पाय परत घेतला. दोन दिवसांसाठी. खरंच दोनच दिवसांसाठी. पण त्या दोन दिवसांत तुमचा फोटो सगळीकडे झळकला, बसथांब्यांवर, बँकांत, दवाखान्यांत. आणि घोळ काय झाला, तर जाहिरात जुळवणाऱ्यानं फोटो उलटा छापला. त्याचं म्हणणं, हवालदारांचं तोंड निधीच्या नावाकडे हवं. नावाकडे पाठ फिरवून उभा असलेला लाभार्थी बरा दिसत नाही. मुद्दा बिनतोड होता. फक्त त्यापायी तुमची पदकं उजव्या छातीवर गेली, आणि कृत्रिम पाय डावा होता तो उजवा झाला.

कुणाच्या लक्षात येणार? आमच्या नाहीच आलं. एका निवृत्त शिक्षिकेच्या आलं, भूगोलाच्या. तिनं पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात, समास सोडून — "मी दरमहा तुम्हाला देणगी पाठवते. पदकं डाव्या बाजूला लावतात एवढं मला कळतं. हा माणूस खरा सैनिक आहे का, आणि नसल्यास माझ्या पैशांचं तुम्ही नेमकं काय करता?" चार ओळी. चार ओळींनी संस्था हादरली. अध्यक्ष म्हणाले, एकीला शंका आली म्हणजे शेकडोंना येणार, त्यांना उत्तर देणारं कुणीतरी हवं. असा हा शंकानिरसन विभाग निघाला. सुरुवातीला मी आणि एक टेबल. मग पत्रं वाढली, टेबलं वाढली, आता आम्ही चौदा जण आहोत, दोन मजले आहेत, आणि हा गालिचा — कारण आधीच साशंक असलेल्या माणसाला उघड्या फरशीवर उभं करणं योग्य नव्हे. वरच्या मजल्यावर फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर तयार होतं — देणग्या जातात कुठे. जातात कुठे? इथेच येतात. हे मला एकदा भर बैठकीत सुचलं होतं. बोलले नाही. पदोन्नतीचा महिना होता. — हे तुम्ही ऐकलं नाहीत.

तर सांगत काय होते — पाय. दर बुधवारी शंका असलेले देणगीदार येतात, मी त्यांना पाय दाखवते. हात लावू देते. पेटीला कुलूप मुद्दामच नाही, कुलूप दिसलं की शंका दुप्पट होते. लोक बुटाला हात लावतात, पट्टे ओढून बघतात, आणि चेहरे असे निवळतात, हवालदार, की काय सांगू. खाली उतरताना पुन्हा देणगी देऊन जातात. ती शिक्षिकाही आली होती. चष्मा पुसून तिनं पाय नीट न्याहाळला, म्हणाली, "पाय आहे. माणूस कुठे आहे?" मी म्हटलं, तो चालतोय. तर म्हणते, "कशावर?" बाई तिरकसच. मी म्हटलं, त्याला दुसरा दिला. काय करणार, तोंडातून निघून गेलं. आणि आमच्याकडे तोंडातून गेलेलं त्याच दिवशी नोंदवावं लागतं. म्हणजे कागदोपत्री तुमच्याकडे सध्या तीन पाय आहेत — एक जन्माचा, एक समारंभाचा, एक मी बोलून गेले तो. चौथा मंजूर करायचा म्हटलं तर मलाच शंका येईल.

असं बघू नका माझ्याकडे. अर्ज वाचलाय मी. सोमवारपासून गोदामावर रखवालदारी, आठ तास उभ्यानं, कुबड्या चालणार नाहीत, आणि पाय नसेल तर जागा दुसऱ्याला. सगळं वाचलंय. तुमच्या बायकोनं खाली पेन्सिलीनं जोडलेली ओळसुद्धा — "तो पाय त्यांचाच आहे हो." मी ती खोडली नाही. खोडायची असते, अर्जात बाहेरचा मजकूर चालत नाही. थांबा, अर्जाचा एक छापील नमुना आहे आपल्याकडे, प्रदर्शनातील वस्तू तात्पुरती मिळण्याबाबतचा, संग्रहालयांसाठी केलेला, पण बसवू आपण कसाबसा. या कपाटात होता — हा नाही — हा निळा होता —

तो आवाज कसला? पट्टे का ते? — मी वळत नाहीये, हवालदार. मी नमुना शोधतेय. मी वळले तर मला दिसेल, आणि दिसलं तर नोंदवावं लागेल. आज बुधवार आहे, एवढं फक्त ध्यानात असू द्या, अकरा वाजता चाळीस माणसं येणार आहेत त्या पायाला हात लावायला. मी त्यांना काय दाखवू? — वरचा पट्टा आधी आवळा, खालचा नंतर; रोज पुसते, मला माहीत आहे. — आणि कुबड्या पेटीत ठेवून जा. रिकामी पेटी बरी दिसत नाही.

सात. आठ. गालिच्याची कड सांभाळा. नऊ. दहा. अकरा —

बारा.

दार ओढून घ्या जाताना.