अर्धी कॅसेट धर्मराजची, अर्धी बद्रीनाथची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या व्यापारी मंडळाचे कर्तेधर्ते आदरणीय सर्जेराव अण्णा. प्रमुख पाहुणे म्हणून खास जालन्याहून आलेले, आणि परतीची एसटी साडेपाचला असल्यामुळे दर पाच मिनिटांनी मनगटाकडे बघणारे निवृत्त बँक अधिकारी माननीय नरहरपंत. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ते सत्कारमूर्ती श्री. भुजंगराव वरखडे आणि सौ. उषाबाई, आणि समोर बसलेल्या, चहा कधी येतो या एकाच विचाराने एकत्र आलेल्या कुंभार पिंपळगावच्या तमाम बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी गजानन. समोरच्या मोबाइलच्या दुकानाचा मालक. कॅसेटच्या दुकानाच्या निरोपाला मला भाषण करायला लावणं म्हणजे बोकडाच्या शोकसभेत खाटकाला उभं करणं आहे. मी अण्णांना तसं म्हणालोसुद्धा. अण्णा म्हणाले, "गजानन, तूच बोल. तुझ्यामुळंच तर हा कार्यक्रम होऊन राह्यला." आता अध्यक्षच असं म्हणाल्यावर माझ्यासारख्या आरोपीने काय बोलावं? शिवाय कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाल्तं, हे मंडळात कुणीतरी ध्यानात ठेवलेलं दिसतं. स्पर्धक चारच होते, हे ध्यानात ठेवलेलं दिसत नाही.

माझ्याआधी तीन वक्ते बोलून गेले. तिघांनीही भुजंगकाकांना 'थोर रसिक', 'संगीताचे उपासक' आणि एकाने तर 'पिंपळगावचे तानसेन' म्हटलं. काका खाली मान घालून बसले होते. तुम्हाला वाटलं, विनय आहे. तो विनय नव्हता. का नव्हता, ते मी शेवटी सांगतो. आधी दुकानाचं सांगू द्या.

चौऱ्याऐंशी साली, स्टँडच्या बाजूला, आठ बाय दहाच्या गाळ्यात 'स्वरसाज कॅसेट सेंटर' सुरू झालं. काका पुढे काउंटरवर, काकू मागे पडद्याआड. शेतकऱ्याच्या घरातली सून दुकानात बसलेली दिसू नये म्हणून पडदा. पण महिनाभरात गिऱ्हाइकाला कळून चुकलं, की पुढे बसलाय तो देखावा, खरं दुकान पडद्यामागे आहे.

म्हणजे कसं? एखादे म्हातारबाबा बाजाराला यायचे, पिशवी काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, "ते गाणं द्या. ज्याच्यात ती बाई रडती."

काका मान मागे वळवायचे. पडद्यातून आवाज यायचा, "कशापायी रडती? नवरा गेल्यामुळं का सासूमुळं?"

"न्हाई, भावाला आठवून."

"मंग खालून दुसऱ्या कप्प्यात, निळी. द्या त्यांना."

बाबा ऐकून खात्री करायचे, डोळे पुसायचे आणि कांदे घ्यायला जायचे. कुणी नुसतं 'टण् टण् टडाण्' असं तोंडाने वाजवून दाखवलं, तरी काकू कॅसेट सांगायच्या. एका गृहस्थाने नुसतं खाकरून घसा साफ केला, तर आतून आवाज आला, "हां हां, तिसऱ्या कप्प्यात." हे थोडं वाढवून सांगितलं असेल, पण निरोपाच्या भाषणात तेवढं चालतं.

आम्ही पोरं एक कॅसेट घ्यायला तासभर लावायचो. उलटून पाहायची, मागची नावं वाचायची, ठेवायची, परत उचलायची. आज माझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं, मोबाइल काउंटरवर टाकतं, म्हणतं, "भर." मी विचारतो, "कुठली गाणी टाकू?" तो म्हणतो, "टाक कुठलीबी, कार्ड भरलं पाह्यजे." आता सांगा, याला गाणी म्हणायचं का भुसा?

असो. मला सांगायची आहे ती सत्त्याण्णव सालची गोष्ट. ती मी डोळ्यांनी पाहिली, कारण त्या दिवशी मी दुकानात कॅसेट निवडत तासभर उभा होतो. ज्या दोघांची गोष्ट आहे, त्यांची परवानगी काल घेतली आहे. एकाने हसून दिली, दुसऱ्याने शिवी देऊन दिली.

आपल्याकडे रामकिसनबुवा होते. सप्त्यात काल्याच्या दिवशी पंगती उठल्या, की दुपारी मंडपात बुवा गोष्ट सांगायचे. निम्मा गाव पोटावर हात ठेवून लवंडलेला, निम्मा हसून लोळत असलेला. पंच्याऐंशी साली भुजंगकाकांनी नवीन टेपरेकॉर्डर मंडपात नेला आणि बुवांची एक गोष्ट भरून घेतली. एका आगाऊ जावयाची गोष्ट. कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. बुवांची तेवढीच एक कॅसेट.

शहाण्णव साली बुवा गेले. मागे दोन मुलं. धर्मराज थोरला, बद्रीनाथ त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान. वर्षाच्या आत घर वाटलं, शेत वाटलं, पण विहीर काही वाटता येईना. पाणी कुणी कधी घ्यायचं यावरून भावाभावांचं बोलणं बंद झालं. धर्मराज पुढच्या दाराने निघाले की बद्रीनाथ मागच्या दाराने.

तर त्या बाजाराच्या दिवशी धर्मराज दुकानात आले. म्हणाले, "दादा, बाबांची गोष्ट हाये म्हणं तुमच्याजवळ. मला एक कॅसेट भरून द्या. अन् त्याला बिलकुल देऊ नका."

काका म्हणाले, "कुणाला?"

"तुम्हाला माहीत हाये कुणाला."

धर्मराज गेले. मी अजून कॅसेट निवडतच होतो. अर्ध्या तासाने बद्रीनाथ आला. तीच मागणी, तीच अट. काका म्हणाले, "पुढच्या बाजारी या." तो गेल्यावर काका पडद्याकडे वळले. "आता काय करावं? एकाला दिली तर दुसरा दुकान फोडल."

मग काकू म्हणाल्या, "दोघांला द्या. अर्धी-अर्धी."

पुढच्या बाजारी दोघांनी आपापली कॅसेट नेली. थोरल्याला ए बाजू, धाकट्याला बी बाजू. दुसरी बाजू दोघांचीही कोरी. दोनच दिवसांत धर्मराज दुकानात हजर.

"दादा, जावई बाभळीवर चढला, खाली रेडा उभा राह्यला, अन् टेप बंद! आता तो जावई काय जल्मभर बाभळीवरच बसून राहील का?"

काकांनी अजून तोंड उघडलं नाही, तोच मागून बद्रीनाथ. त्याची तक्रार उलटी. "लोक पहिल्यापासूनच हसून राह्यले! काहून हसून राह्यले तेच कळंना! रेडा कुठून आला? बाभळीवर कोण हाये?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही एकदमच उलगडा झाला. मग दोघे मिळून काकांवर धावून गेले. भावांनी वर्षभरात मिळून केलेलं ते पहिलं काम. बद्रीनाथने काउंटरला हात घातला, मी हातातली कॅसेट टाकून भिंतीला चिकटलो, आणि पडदा बाजूला झाला. उषाकाकू पहिल्यांदा सगळ्यांसमोर बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हातात पेन्सिल. पेन्सिल, कारण सैल झालेली टेप त्या पेन्सिलीनं गुंडाळत होत्या.

म्हणाल्या, "दादा, भाऊ, जरा थांबा. बाप एकच होता, त्याची गोष्टबी एकच. वाटण्या तुम्ही सुरू केल्या. आम्ही फक्त पुढं चालू ठेवल्या. अख्खी ऐकायची असल तर काय करायचं, ते तुम्हाला बराबर माहीत हाये."

दोघे भाऊ निघून गेले. अर्थात दोन दिशांना.

तुम्हाला वाटेल, त्याच संध्याकाळी गळाभेट झाली. नाही झाली. ही आपल्या पिंपळगावची माणसं आहेत, इतक्या स्वस्तात वाकायची नाहीत. चार महिने गेले. धर्मराज रोज जावयाला बाभळीवर चढवायचे आणि बद्रीनाथ रोज रेड्याला हाकलायचा. शेवटी बायकांना असह्य झालं. थोरल्या सगुणाबाई आणि धाकट्या द्वारकाबाई पिठाच्या गिरणीवर भेटल्या. दळणाच्या डब्यातून कॅसेटी गेल्या नि आल्या. नवऱ्यांना पत्ता नाही.

धर्मराजला शेवट कळला. पोट धरून हसले आणि विषय संपला. पण बद्रीनाथने ए बाजू लावली. बाजू निम्मी झाली, जावई रेड्याला दगड मारणार, एवढ्यात बुवा मध्येच थांबतात. माईकवरच म्हणतात, "ए धर्मा, बद्रीच्या तोंडावर माशा बसून राह्यल्या, झोपलंय ते. तुझं उपरणं टाक त्याच्यावर." आणि परत रेड्यावर येतात.

पंच्याऐंशी साली बद्रीनाथ आठ-नऊ वर्षांचा. जेवून मंडपात झोपलेला. त्याने कधी ऐकलंच नव्हतं ते. द्वारकाबाई सांगतात, त्याने ती टेप मागे घेऊन घेऊन सात-आठ वेळा ऐकली, आणि तडक विहिरीवर गेला. तिथे धर्मराज मोटार चालू करत होते. वर्षा-दीड वर्षाने बद्रीनाथ पहिल्यांदा बोलला.

"टाकल्तं का?"

"काय?"

"उपरणं."

धर्मराजने मोटार बंद केली. म्हणाले, "टाकल्तं. लाळ गाळली तू त्याच्यावर. घरी येऊन धुवावं लागलं मला."

बस. एवढंच बोलणं झालं. विहिरीचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही, गेल्या उन्हाळ्यातसुद्धा त्यांचा आवाज स्टँडपर्यंत आल्ता. पण आता भांडतात ते एकमेकांच्या तोंडावर, आणि भांडून झाल्यावर चहा एकाच ओट्यावर पितात.

मंडळी, माझ्या दुकानात दहा मिनिटांत पाचशे गाणी भरून मिळतात. अर्धी गोष्ट मात्र मिळत नाही. तेवढी अक्कल माझ्या कॉम्प्युटरमध्ये नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्यातही नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. काकांनी सीड्या ठेवल्या, तर दोन हजार सहा साली मी समोर दुकान टाकलं. मग मोबाइलमध्ये कार्ड आलं आणि काकांच्या दुकानात माणसं फक्त एसटीची वेळ विचारायला जाऊ लागली. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. म्हणून मी दुकान बंद ठेवलं का? छे! बाजाराच्या दिवशी तर मी आवाज वाढवून लावायचो. काका रागावले नाहीत, हा त्यांचा दोष. एकदा जरी भांडले असते, तर आज मला इथे थोडं हलकं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात काकांनी गाळा सोडायचं ठरवलं. दोघं जालन्याला मुलाकडे जाणार. मी धीर करून गेलो. म्हणालो, "काका, जाऊ नका. माझ्या दुकानात बसा. तुमच्याएवढी गाण्याची जाण कुणाला हाये?"

काका हसायला लागले. म्हणाले, "गजानन, मला गाण्यातलं काही कळत न्हाई रे. मला सगळी गाणी सारखीच वाटतात."

मला वाटलं, थट्टा करून राह्यले. "मंग पंचवीस वर्षं दुकान काहून चालवलं?"

त्यांनी पडद्याकडे पाहून आवाज बारीक केला. "हिला लई नाद. अन् आमचे वडील असे, की सुनेनं चुलीपुढं गुणगुणलं तर समोरचं ताट सरकवून उठायचे. घरातला रेडिओ त्यांनी पाहुण्याला देऊन टाकला. ही काही बोलली न्हाई, पण तिचं गुणगुणणं बंद झालं. मंग म्या शेत भावाकडं दिलं अन् कॅसेटचं दुकान टाकलं. धंदा म्हटल्यावर वडील काय बोलणार? धंद्याला तर गाणं लावावंच लागतं. दिवसभर लावावं लागतं."

पाहुण्यांनो, हे आमचे पिंपळगावचे तानसेन. पंचवीस वर्षं हा माणूस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गोंगाटात बसला. आता तुम्हाला कळलं, मघाशी मान खाली का होती.

मी दुकानात परत आलो आणि एक मोबाइल, एक कार्ड आणि कानात घालायच्या वायरी घेऊन काकूंकडे गेलो. म्हणालो, "काकू, यात काय काय भरू? एकेक सांगा." तीन दुपारी त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो. चौथ्या दिवशी कार्ड भरून नेलं. काकूंनी वायरीचं एक टोक आपल्या कानात घातलं. दुसऱ्याचं काय करायचं, म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि ते काकांच्या कानात घातलं. वायर तोकडी. दोघांना खोक्यावर अगदी खेटून बसावं लागलं. काकू डोळे मिटून होत्या. काका समोर रस्त्याकडे बघत होते, दवाखान्यात नंबर यायची वाट पाहणारा माणूस बसतो तसे.

दोन-तीन गाणी झाल्यावर मी हळूच विचारलं, "काका, कसं वाटतं?"

म्हणाले, "सारखंच."

आणि वायर कानात तशीच ठेवून बसून राहिले.

मंडळाने मला बोलू दिलं, अण्णांनी मध्ये घंटा वाजवली नाही आणि नरहरपंतांनी एसटीची पर्वा न करता ऐकून घेतलं, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. धर्मराजदादा, बद्रीनाथभाऊ, घरातलं चव्हाट्यावर आणलं, राग मानू नका. मानायचाच असेल तर दोघं मिळून माना. काका, तुम्ही गुपित म्हणून सांगितलेलं मी माईकवरून सांगितलं. बोलण्याच्या भरात जिभेचा तोल गेला असेल, मानपानात काही उणंअधिक झालं असेल, तर आपल्यातलाच एक वाचाळ माणूस समजून पदरात घ्या. उषाकाकू, तुमची माफी मात्र वेगळी मागतो. बाजाराच्या दिवशी समोरून मोठ्याने लावलेल्या सगळ्या गाण्यांबद्दल.

नमस्कार.