धामणदऱ्याची पावसाळी बंदी मी उठवली

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि एके काळच्या माझ्या वरिष्ठ मृदुलाताई इनामदार, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, माझ्याविषयी आत्ताच अतोनात चांगलं बोललेले आमचे तरुण सहकारी जयदीप, कार्यालयातले सर्व बंधुभगिनी, चाकणच्या चौकातली वाहनांची रांग पार करून वेळेवर, निदान वेळेच्या आसपास, चिंचवडला पोहोचलेले मच्छीमार संस्थांचे पदाधिकारी, आणि मी किती लांबण लावतो हे पाहायला घड्याळ धरून बसलेली माझी पत्नी अनुया, आपणा सर्वांना मधुसूदन देवस्थळीचा नमस्कार.

चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाने काय बोलावं याचा एक ठरलेला मजकूर असतो. तो मी काल रावेतच्या घरी बसून लिहिलाही होता. खिशात आहे. पण जयदीपने भाषणात एक वाक्य उच्चारलं, त्याला आपण टाळ्या दिल्यात, आणि तो कागद बाहेर काढायची माझी हिंमत झाली नाही.

जयदीप म्हणाले, बीज सोडलेल्या तलावांवरची पावसाळी मासेमारी बंदी उठवणारी टिपणी सरांची. खरं आहे. निर्णय वरचा, पण टिपणी माझी. चार पानी. मला तिचा फार अभिमान होता.

सभागृहात आमच्या खात्याबाहेरची मंडळी आहेत म्हणून सांगतो. तलावात आपण दरवर्षी रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडतो, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. मग पावसाळ्याचे दोन महिने मासेमारी बंद ठेवून आपण कोणाचं रक्षण करतो? मच्छीमाराला दोन महिने घरी का बसवतो? सांगा, काय चूक आहे या युक्तिवादात? मला आजही कागदावर चूक सापडत नाही.

ही टिपणी घेऊन मी सहा वर्षांपूर्वी धामणदऱ्याला गेलो. राजगुरुनगरच्या पुढे हा तलाव आहे. संस्थेचे अध्यक्ष कोंडीराम. थोडी शेती, बाकी सगळं आयुष्य पाण्यावर. बांधावर बैठक झाली. मी समजावून सांगितलं. सगळे खूश झाले. कोंडीराम तेवढे उठून उभे राहिले.

म्हणाले, "सायेब, तुमचं बीज तळ्यात व्हत न्हाई, खरं हाय. पन तळ्यात तुमचंच मासं हायेत व्हय? पयल्या पान्याला वढ्यात चढनारं हायेत. मरळ हाय. मरळीची जोडी पिल्लांवर राखन करती. काठी मारली तरी जागची हालत न्हाई. आन नेमकं त्याच टायमाला तुमी जाळं टाका म्हनताय?"

मी म्हणालो, "कोंडीराम, मरळ आपल्या यादीत नाही."

लोक हसले. मीही हसलो. मृदुलाताई, तुम्ही मला नेहमी सांगायचात की बैठकीत हशा मिळवणं हा माझा गुण आहे. त्या दिवशी तो मी पुरेपूर वापरला.

आदेश निघाला. पहिलं वर्ष उत्तम गेलं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. चाकणला कंपन्यांच्या गेटबाहेर शिफ्ट सुटायच्या वेळी ऐन आषाढात ताजी मासळी मिळू लागली. माझा सत्कार झाला, तेव्हाही शालच होती.

दुसऱ्या वर्षी ध्यानात आलं की बंदी असताना पावसात जाळं घेऊन दिसेल तो चोर हे गावातल्या कोणालाही कळत होतं, आता कोणाला हटकायचं हेच कळेना. आसपासच्या गावांतून माणसं आली. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी आली. ओढा जिथे तलावात उतरतो त्या तोंडावर ती आडवी लागली. चढणीचा मासा वर जाऊच शकला नाही. श्रावणात आम्ही सोडलेली बोटुकली महिन्याभरात तशीच बोटाएवढी बाहेर निघाली.

कोंडीरामनी संस्थेचा ठराव केला. बंदी नको तर नको, पण ओढ्याच्या तोंडावर दोन महिने कोणी जाळं लावायचं नाही. तो कागद घेऊन ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "एवढी मोहर मारा सायेब. बाकी आमी बगतो."

मी त्यांना बसा म्हणालो का? आठवत नाही. म्हणालो एवढंच, "शासनाने बंदी उठवलीय. तुम्ही कोण ती घालणारे?" आणि ठराव नियमबाह्य असल्याचं पत्र त्यांच्या हातात दिलं. खाली माझी सही. माझी सही सुबक आहे, कार्यालयात सगळे म्हणतात.

पत्र घडी करून त्यांनी टोपीत ठेवलं आणि गेले. त्यानंतर ते एकटेच ओढ्याच्या तोंडाशी जाऊन बसायला लागले. लोकांना हात जोडायचे. कोणी ऐकायचं, कोणी म्हणायचं, "म्हाताऱ्या, सायबाचं पत्र दाखवू का?"

पुढच्या वर्षी जुलैच्या एका दुपारी मला त्यांच्या मुलीचा, तनुजाचा, फोन आला. ती चाकणला एका कंपनीत आहे, पहिल्या शिफ्टहून नुकतीच परतली होती. म्हणाली, "साहेब, आबा गेले."

ओढा भरून वाहत होता. तोंडावर कोणाचं तरी जाळं आडवं लावलेलं होतं, त्यात एक मरळ अडकून धडपडत होती. काठावरून गुरं हाकणाऱ्या बाईने पाहिलं. कोंडीराम ते जाळं सोडवायला पाण्यात उतरले आणि त्याच जाळ्यात त्यांचे पाय गुंतले. पासष्ट वर्षं त्या पाण्यावर काढलेला माणूस कमरेएवढ्या पाण्यात गेला.

पंचनाम्यात वाक्य आलं, मासेमारी करताना बुडून मृत्यू. त्या वाक्याला कारण होतं. मच्छीमाराच्या कुटुंबाला अपघाताची मदत मिळायची तर मृत्यू मासेमारी करतानाच व्हायला हवा. मीच ते सुचवलं. मला वाटलं, एवढं तरी आपल्या हातून होईल. तेच वाक्य घातलेला मदतीच्या अर्जाचा कागद घेऊन मी त्यांच्या पत्नीकडे, सरुबाईंकडे सहीसाठी गेलो.

त्यांनी तनुजाला कागद वाचायला लावला. ऐकला. म्हणाल्या, "माजा मानूस मासं मारत न्हवता."

मी म्हणालो, "सरुबाई, असं लिहिलं तरच मदत मिळेल."

"तो मासं राखत व्हता. तसं लिवा."

"तसा रकाना नाही त्यात."

"मग ऱ्हाऊ द्या."

सही झाली नाही. मदत मिळाली नाही. पंचनाम्यातलं वाक्य मात्र अजून तसंच आहे. सरकारदरबारी कोंडीराम मासे मारतानाच मेले.

क्षमा करा, आनंदाच्या प्रसंगी हे बरं दिसत नाही. व्यासपीठावर थोडी कुजबुज होते आहे, मला कळतंय. फार वेळ घेणार नाही.

गेल्या वर्षी मी नवी टिपणी लिहिली. या वेळी अकरा पानं. धामणदऱ्यावर आणि तशा प्रत्येक तलावावर पावसाळी बंदी पुन्हा घालावी, ओढ्याची तोंडं कायमची मोकळी ठेवावीत. रीतसर पाहणी झाली. दोन महिन्यांपूर्वी उत्तर आलं. सदर तलावात संरक्षण करण्याजोगी कोणतीही स्थानिक प्रजाती आढळून आली नाही, सबब बंदीची आवश्यकता नाही.

पाहणी खोटी नव्हती. मी स्वतः सोबत होतो. चार दिवस जाळी टाकली. एकही मरळ मिळाली नाही.

आता मी काय लिहू? कोणाला लिहू? आज संध्याकाळी माझं टेबलही माझं नसेल.

मागच्या आठवड्यात मी सरुबाईंना या कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायला गेलो होतो. खरं तर निमंत्रण हे निमित्त. त्यांनी चहा दिला. मी त्यांना पाहणीच्या त्या उत्तराचं सांगितलं. मग धीर करून म्हणालो, "सरुबाई, माझी मोठी चूक झाली. मला माफ करा."

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाल्या, "माफ केलं म्हनलं तर तुमी हलकं व्हऊन घरी जाल, सायेब. तळ्यात काय येनार हाय?"

मी चहा संपवला आणि निघालो. त्या आज आलेल्या नाहीत.

अध्यक्ष महोदया, आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, एवढी माया केलीत, त्याचा मी मनापासून ऋणी आहे. आयोजकांचे, पाहुण्यांचे, आणि बाहेर वडे गरम ठेवून ताटकळलेल्या मंडळींचे आभार. बोलण्यात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचा मान चुकला असेल, शब्द कमीजास्त गेला असेल, तर तेवढ्यापुरती मला क्षमा असावी. त्याहून जास्त मागायचा हक्क मला नाही.

नमस्कार.