हापशाच्या पाण्याचे दात

—न्हाई न्हाई, इकडं सरका, सावलीत. तांब्या आणला न्हवं घरून? हाव, चूळ भरायचं पाणी आपलं आपणच आणायचं — एवढ्या दुष्काळात डॉक्टर तरी कुठून देतील. लातूर जिल्हा झालं म्हणून दाताचे डॉक्टर तरी आले म्हणा. पहिल्यांदाच आल्या का? दिसतंच की, पोरीचा हात केवढा घट्ट धरलाय. भिऊ नका. खुर्ची हाय, ती मागं कलते, वर दिवा लावतेत, चमच्याएवढा आरसा तोंडात घालतेत, अन् बारीक आकडीनं एकेक दात टोकरून बघतेत. पहिल्या दिवशी काढत न्हाईत काही. नुसतं बघतेत अन् विचारतेत. ते विचारणंच लई अवघड — सुईचं काय न्हाई.

विचारतेत, पाणी कुठलं पिता? हापशाचं असंल तर हापशाचं सांगा. आम्ही निलंग्याकडचे. बहात्तरला हिरी आटल्या, तवा आमच्या दारात बोअर पाडून हापसा बसवला — जागा मीच दाखवली, नारळ मीच फोडला. माझी लेक, महानंदा, तवा तीन वर्साची. तेच पाणी पिऊन वाढली. दुधाचे दात पडून नवे आले ते हे असे, तुमच्या पोरीवानीच — पिवळे, वर तपकिरी पट्टे. पाण्यानं होतंय हे मला कुठं ठाव? मला वाटलं, मळ हाय.

मग विचारतेत, दात कशानं घासता? तिथं खरं बोला बाई. मी खोटं बोलले. मंजन म्हटलं. मंजन कुठलं — विटकरीची पूड होती, लुगड्यातून गाळलेली. उदगीरचं स्थळ आलं होतं. नाकीडोळी पसंत होती, पण पोरगी हसली, अन् त्या लोकांनी चहा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मीच घासायची — तिचं डोकं गुडघ्यात धरून, ह्या हातानं. रगत यायचं. ‘अव्वा, पुरे’ म्हणायची. मी म्हणायची, अजून थोडं, निघायलंय बघ. निघत होतं, पण मळ न्हवता तो. डॉक्टर म्हणाले, दातच झिजवलेत बाई तुम्ही, नस उघडी पडली. अन् चारचौघांत हसायचं न्हाई, हे बी मीच बजावलं. दोन वर्सं.

तर त्या पहिल्या दिवशी डॉक्टर तिला म्हणाले, जरा हस बघू, समोरचे दिसू दे. साधी गोष्ट. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. अठरा वर्साची पोर — म्हणाली, ‘अव्वा, हसू का?’

 

आज आत हाय ती. समोरचे दोन काढायलेत. मी संगं आत निघाले, तर म्हणाली, अव्वा, तू बाहेरच बस. बरोबर हाय तिचं. बाहेरच बसावं मी.

बघा, तुमची पोरगी बघा — भिंतीवरच्या चित्रातलं तोंड बघून कशी खुदुखुदु हसायलीय. अन् हे काय करता? हात काढा. काढा तिच्या तोंडावरचा हात आधी!

…जा. तुमचं नाव घेतलं. तांब्या घ्या.