आबांचं उत्तर

भडगावच्या अक्कांचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. आरोग्य सर्वेक्षणात उत्तरं दिलेल्या माणसांची नावं दवाखान्याच्या नोंदींशी जुळवताना त्यांच्या नवऱ्याचं, आबांचं, जन्मवर्ष कोरं निघालं, म्हणून विचारायला गेलो. तर आबा दोन महिन्यांपूर्वीच वारलेले. अक्कांनी आधार कार्ड दिलं, मी आबांच्या उत्तरांच्या फॉर्मवर वर्ष लिहून घेतलं. फॉर्म बघून अक्कांनी विचारलं,

"त्यासनी काय सांगं व्हतं? वाची दाखाड ना, भाऊ."

खरं तर असं दाखवायचं नसतं. तरी एक उत्तर वाचलं.

"मन जड झालं तर कोणाशी बोलता? आबा म्हणाले होते, घरवालीशी."

अक्का हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आते मी कोनासंगे बोलू?"

मी चहा मागितला. संध्याकाळपर्यंत त्या बोलत होत्या. पुढची तीन घरं त्या दिवशी राहिलीच.